थोडीशीच द्या, डॉक्टर



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींची वक्त्यांना एक अट असे, असं संयोजकांनी मला पत्रात कळवलं होतं. ज्याने त्याने आपापल्या कामाविषयी बोलावं, देशाचं काय होणार ते इतरांवर सोडावं. ही अट माझ्या सोयीची आहे. मी लहान मुलांची भूलतज्ज्ञ आहे, त्यातही वर्षाच्या आतल्या बाळांची. आमचं सगळं काम पेशंट झोपलेला असताना होतं. त्यामुळे त्याला ते कळत नाही, आणि नातेवाइकांना सर्जनचं नाव तोंडपाठ असलं तरी आमचं ठाऊक नसतं. तक्रार करत नाही. यात फायदेही आहेत.

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी बाळ माझ्या हाती देताना आई बहुधा काही बोलत नाही. वडील कागदावर सही कुठे करायची ते विचारतात. बोलते ती आजी. "थोडीशीच द्या हं डॉक्टर, एवढासा जीव आहे." शब्द बदलतात, मागणी तीच: कमीत कमी भूल. काही घरांत हल्ली इंटरनेटवर वाचून आलेला मामा किंवा काका असतो. तो विचारतो, "कुठलं औषध वापरणार? त्याने मेंदूवर परिणाम तर होत नाही ना?" आजीची मागणी आणि काकाचा प्रश्न मुळात एकाच भीतीतून येतात, आणि ती भीती खुळी नाही. आमच्या शास्त्राने स्वतः ती दीडशे वर्षं बाळगली आहे. ती बाळगताना काय काय केलं, ते सांगितल्याशिवाय औषधांच्या निवडीबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

सुरुवातीचा इतिहास मी भरभर सांगते. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनमध्ये ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक झालं. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म आणलं. जानेवारी १८४८मध्ये इंग्लंडात न्यूकॅसलजवळ एक पंधरा वर्षांची मुलगी पायाचं नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. धडधाकट पोर, क्षुल्लक शस्त्रक्रिया. लंडनचे जॉन स्नो तान्ह्या बाळांनाही क्लोरोफॉर्म देत असत. मोठ्यांपेक्षा मुलांवर ते लवकर चढतं आणि लवकर उतरतं, कारण त्यांचा श्वास आणि रक्ताभिसरण जलद असतं, ही त्यांनी टिपलेली गोष्ट आजच्या पाठ्यपुस्तकातही जशीच्या तशी चालेल. हे तेच स्नो, ज्यांनी लंडनचा कॉलरा पाण्याच्या पंपापर्यंत शोधत नेला.

क्लोरोफॉर्मने माणूस मरतो तो हृदय थांबून की श्वास थांबून, हा वाद पुढे चाळीस वर्षं पेटत राहिला. त्याचा निकाल लावायला निजामाच्या पैशाने १८८८ आणि १८८९ साली हैदराबादला दोन आयोग बसले. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. तिथले सर्जन एडवर्ड लॉरी यांचं मत पक्कं होतं: श्वासावर नजर ठेवा, देणारा हात नीट असेल तर औषध निर्दोष आहे. शेकडो कुत्र्यांवर प्रयोग करून आयोगानेही तोच निष्कर्ष काढला. याच हैदराबादेत रूपाबाई फरदूनजी क्लोरोफॉर्म देत असत. जगातली पहिली स्त्री-भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं, आणि मला त्याचा अभिमान आहे. मात्र लॉरी यांचं म्हणणं अर्धंच खरं ठरलं. १९११ साली लेव्ही यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की क्लोरोफॉर्म हलकं असताना शरीरात ॲड्रेनलीन उसळलं, तर हृदयाचे ठोके विस्कटून ते थेट थांबू शकतं. हलकं असताना, हे लक्षात ठेवा. कमी भूल म्हणजे कमी धोका हा हिशेब तिथेच एकदा चुकला होता.

आता ज्या भागाविषयी आमच्या वर्गांत फारसं बोललं जात नाही, त्याकडे येते.

१९४१ साली अमेरिकेत मर्टल मॅकग्रॉ या संशोधिकेने लहान बाळांना टाचणी टोचून ती काय प्रतिक्रिया देतात याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. अगदी नवजात बाळं कधी थंड, कधी भलतीकडेच हात-पाय हलवणारी. यावरून आणि अशाच निरीक्षणांवरून समज रुजला की नवजात बाळाच्या मेंदूचा वरचा थर अजून तयार नाही. तेव्हा त्याला आपण म्हणतो तशी वेदना होत नाही, जी दिसते ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया. याच काळात तान्ह्या बाळांना भूल देण्याचा खरा धोका सर्जनांना डोळ्यांनी दिसत होता. ईथर-क्लोरोफॉर्मखाली बाळं दगावत होती. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि पद्धत ठरली: वेदना नाहीच म्हणता, तर धोका कशाला घ्यायचा?

लिव्हरपूलचे गॉर्डन जॅक्सन रीस यांनी १९५० साली नवजात बाळांच्या भुलेवर जो लेख लिहिला, त्याने खरं तर शेकडो जीव वाचवले. स्नायू ढिले करणारं क्युरारे, श्वासनळीत नळी, हाताने दिलेला श्वास आणि सोबत नायट्रस ऑक्साइड. हृदयाला दाबणारी वाफ जवळजवळ नाही. बाळाच्या श्वासासाठी त्यांनी सुधारलेली ती नळी आणि पिशवी आजही आपल्या प्रत्येक ऑपरेशन थिएटरमध्ये आहे. आम्ही तिला नुसतं 'जेआर' म्हणतो. मूळ नळी न्यूकॅसलच्या फिलिप आयर यांची, १९३७ सालची, दुभंगलेल्या ओठांच्या मुलांसाठी केलेली. आयर स्वतः तसाच ओठ घेऊन जन्मले होते. जॅक्सन रीस यांच्याविषयी मला आदरच आहे. पण त्यांच्या पद्धतीची एक बाजू अशी होती की क्युरारे दिलेलं बाळ हलत नाही, रडत नाही, आणि नायट्रस ऑक्साइड एकट्याने छाती उघडण्याइतकी वेदना थांबवत नाही. बाळ स्वस्थ पडलेलं दिसे. सगळ्यांना बरं वाटे.

हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं नाही. १९८५ साली अमेरिकेत कमी दिवसांच्या एका बाळाच्या हृदयाजवळची उघडी राहिलेली रक्तवाहिनी छाती उघडून बांधली गेली, फक्त स्नायू ढिले करणारं औषध देऊन. बाळ पुढे गेलं. आईला हे नंतर कळलं. तिने विचारलं तेव्हा सांगण्यात आलं की इतक्या लहान बाळांना वेदना होते असं सिद्ध झालेलं नाही. ती बाई गप्प बसली नाही, वर्तमानपत्रांपर्यंत गेली, आणि अनेक देशांतल्या आया एकदम विचारू लागल्या: माझ्या बाळाला काय दिलं होतं?

शास्त्राच्या बाजूने याचं उत्तर देणारा माणूस आपल्याकडचा. इंदूरच्या महात्मा गांधी मेमोरियल कॉलेजातून डॉक्टर होऊन ऑक्सफर्डला गेलेले कंवलजीत आनंद. ऑपरेशनहून परत येणारी बाळं इतकी खालावलेली का असतात, हा त्यांचा साधा प्रश्न होता. १९८७ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक छोटी चाचणी प्रसिद्ध केली. कमी दिवसांची १६ बाळं, हीच रक्तवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया. आठ जणांना नायट्रस ऑक्साइड आणि क्युरारे, म्हणजे चालू पद्धत. दुसऱ्या आठ जणांना त्याशिवाय फेंटॅनिल हे वेदनाशामक. नुसत्या चालू पद्धतीतल्या बाळांच्या रक्तात ॲड्रेनलीन, साखर, लॅक्टेट यांचा भडका उडाला होता, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या तक्रारीही त्यांच्यातच जास्त झाल्या. बाळ रडू शकत नव्हतं, पण रक्त बोलत होतं. पुढे बॉस्टनला हिकी यांच्याबरोबर त्यांनी नवजात बाळांच्या हृदयशस्त्रक्रियांत हलक्या आणि खोल भुलेची तुलना केली. १९९२ साली छापलेल्या त्या निष्कर्षांतही खोल भुलेतली बाळंच सरस निघाली.

म्हणून आजी जेव्हा थोडीशीच द्या म्हणते, तेव्हा मला हा सगळा काळ आठवतो. 'थोडीशी' देऊन आम्ही पाहिलेलं आहे.

आता बाळाच्या शरीराकडे वळू, कारण औषधाची निवड तिथे ठरते, बाटलीवरच्या नावात नाही.

नाकातोंडावर मास्क ठेवून जी वाफ आम्ही देतो, तिची मात्रा ठरवायचं एक माप आहे: किती टक्के वाफ असली तर कातडीला छेद दिल्यावर निम्मे पेशंट हलत नाहीत. सेवोफ्लुरेन या आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या वाफेसाठी हा आकडा तिशी-चाळिशीच्या माणसात २ टक्क्यांच्या आसपास असतो. सहा महिन्यांनंतरच्या मुलात २.५. आणि पहिल्या काही महिन्यांच्या बाळात ३.२ ते ३.३. म्हणजे बाळाला आजोबांपेक्षा दाट वाफ लागते. आयसोफ्लुरेन आणि हॅलोथेन या जुन्या वाफांची गरजही एक ते सहा महिन्यांच्या वयात सगळ्यांत जास्त असते. हे ऐकून लोक चमकतात. एवढासा जीव, म्हणून एवढीशी भूल, हा हिशेब इथे उलटा पडतो.

पण गोष्ट एवढ्यावर संपली असती तर आमचं काम सोपं झालं असतं. बाळाच्या फुप्फुसात साठून राहणारी हवा कमी आणि श्वास भरभर, त्यामुळे वाफ फुप्फुसात आणि तिथून मेंदूत पाहता पाहता भरते. वाटीभर दूध आणि पातेलंभर दूध एकाच आचेवर ठेवलं तर कुठलं आधी उतू जाईल, हे इथल्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. शिवाय बाळाच्या हृदयाला ठोक्यामागे रक्त वाढवून पाठवणं फारसं जमत नाही. त्याचा सगळा भार ठोक्यांच्या संख्येवर. नवजात बाळात मिनिटाला १२० ते १६० ठोके हे नेहमीचं. ते ६०-७०वर आले की रक्तदाब कोसळतो, छाती दाबावी लागू शकते. आणि प्राणवायू तर वजनाच्या मानाने मोठ्या माणसाच्या दुपटीच्या घरात लागतो. श्वास थांबला तर निळं पडायला वेळ लागत नाही. म्हणजे भूल लागते जास्त, आणि जास्त झाली तर सावरायला जागा असते कमी. सगळी औषधं या अरुंद पट्ट्यात बसवायची असतात.

हॅलोथेनची कहाणी इथे सांगायला हवी, कारण लॉरी यांना ती ऐकवावीशी मला नेहमी वाटते. १९५१ साली इंग्लंडातल्या आयसीआय कंपनीत सकलिंग या रसायनतज्ज्ञाने हे बनवलं आणि १९५६ साली मँचेस्टरमध्ये ते पहिल्यांदा माणसांना दिलं गेलं. ईथर पेट घेई. हे घेत नसे. वास गोडसर, मुलं खुशाल श्वासात घेत. माझ्या पिढीतले बहुतेक जण हॅलोथेनवरच शिकले, त्या बाटलीवर आमचं प्रेम होतं. पण ते हृदयाचे ठोके मंदावतं, आकुंचन कमजोर करतं आणि लेव्हींच्या मांजरांसारखं हृदयाला ॲड्रेनलीनसमोर हळवं करून ठेवतं. नव्वदीच्या दशकात अमेरिकेत भुलेदरम्यान मुलांचं हृदय थांबण्याच्या घटनांची नोंदवही सुरू झाली. १९९४ ते १९९७ या काळातल्या भुलेशी संबंधित घटनांपैकी ३७ टक्क्यांचं कारण औषध होतं, आणि त्यांतल्या बहुतेक हॅलोथेनच्या; निम्म्याहून अधिक घटनांत पेशंट वर्षाच्या आतला. पुढच्या, २००४पर्यंतच्या नोंदीत औषधाचा वाटा १८ टक्क्यांवर उतरला. मधल्या काळात सेवोफ्लुरेन आलं होतं. ते जपानमध्ये १९९० साली आणि अमेरिकेत १९९५ साली वापरात आलं. त्यालाही फारसा वास नाही, ते हृदयाला कमी दाबतं आणि रक्तात हॅलोथेनपेक्षा खूपच कमी विरघळत असल्याने पटकन चढतं आणि पटकन उतरतं.

म्हणजे औषधाच्या नावाने फरक पडतो. देणारा हात नीट असला की झालं, असं म्हणणाऱ्यांना ही नोंदवही दाखवावी. आपल्याकडे हॅलोथेन बराच काळ टिकलं, स्वस्त म्हणून. काही ठिकाणी ते आवडीनेही टिकलं, हे कबूल केलं पाहिजे.

बाकीच्या वाफांबद्दल थोडक्यात. आयसोफ्लुरेन आणि डेस्फ्लुरेन झोप टिकवायला उत्तम, पण मास्कने झोपवायला नको. वास उग्र, बाळ खोकतं, श्वास रोखतं, स्वरयंत्र आवळून धरतं. नायट्रस ऑक्साइड आतल्या बंद पोकळीत शिरून ती फुगवतं, म्हणून आतडं अडकलेल्या किंवा पोटातला भाग छातीत सरकलेल्या बाळाला ते वर्ज्य.

उरलेलं मी दोन बाळांच्या निमित्ताने सांगते, कारण पाठ्यपुस्तकातल्या तक्त्याला ताप येत नाही आणि उलटीही होत नाही.

पहिलं बाळ पाच आठवड्यांचं. मुलगा, घरातला पहिला. या आजारात बहुधा तसंच असतं. दूध प्यायलं की पिचकारीसारखं बाहेर, आणि लगेच पुन्हा भुकेलं. जठराच्या तोंडाशी स्नायू जाड होऊन वाट बंद झालेली. रामस्टेट यांनी १९१२ साली सांगितलेली छोटीशी शस्त्रक्रिया केली की हे बाळ पूर्ण बरं होतं. घरचे म्हणतात, आत्ताच्या आत्ता करा. मी म्हणते, आज नाही. सारख्या उलट्यांनी पोटातलं आम्ल गेलेलं असतं, रक्त अल्कधर्मी होतं, क्लोराइड आणि पोटॅशियम घटतात. असं रक्त मेंदूतल्या श्वासाच्या केंद्राला मंदावतं. या अवस्थेत कुठलंही औषध निवडलं, अगदी जगातलं सर्वोत्तम, तरी ऑपरेशननंतर बाळ श्वास घ्यायचं विसरू शकतं. म्हणून एक-दोन दिवस सलाईन, रक्ताची तपासणी, पुन्हा सलाईन. कितीतरी नातेवाईक या दोन दिवसांत आमच्यावर रागावतात.

रक्त सुधारल्यावर टेबलावर घेतल्यानंतरचं पहिलं काम भुलेचं नसतं. जाड नळी जठरात घालून बाळाला उताणं, डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर करत साचलेलं ओढून काढायचं. कितीही उपाशी ठेवलं तरी दह्यासारखं काहीतरी निघतंच. मग शिरेतून प्रोपोफॉल किंवा थायोपेंटोन, पाठोपाठ स्नायू ढिले करणारं औषध, आणि नळी. मास्कने हळूहळू झोपवणारेही चांगले डॉक्टर आहेत. मला भरलेल्या पोटाची शक्यता असताना ते आवडत नाही. 'थोडीशीच' दिली तर काय होतं ते इथे दिसतं: अर्धवट झोपेत घशात नळी गेली की बाळ कण्हतं, उलटी होते, ती फुप्फुसात उतरते. म्हणून झोप पूर्ण. उलट, ज्या औषधाची इथे काटकसर करायची ते म्हणजे मॉर्फिनसारखं वेदनाशामक, कारण श्वास आधीच डळमळीत आहे आणि एवढ्या लहान यकृताला मॉर्फिन निचरायला फार वेळ लागतो. त्याऐवजी जखमेच्या कडांना बधिर करणारं औषध आणि पॅरासिटामॉल. वेदना थांबवायचीच, फक्त दुसऱ्या वाटेने.

दुसरं बाळ तीन महिन्यांचं, पण सातव्या महिन्यात जन्मलेलं, महिनाभर काचेच्या पेटीत राहिलेलं. जांघेत हर्निया. वय मोजायचं ते गर्भापासून; साठ आठवड्यांच्या आत असेल, तर भुलेनंतर श्वास थांबण्याचा धोका धरायचाच, आणि बाळ रक्ताने कमी असेल तर जास्तच. इथे पाठीच्या मणक्यात सुई देऊन कमरेखालचं अंग बधिर करता येतं, बाळ जागं ठेवून. तोंडात साखरपाण्यात बुडवलेला बोळा, कुणीतरी डोक्यावरून हात फिरवणारं, आणि चपळ हाताचा सर्जन, कारण परिणाम तासाभराचा. जमलं तर फार छान. कधी सुई बरोबर बसत नाही, कधी बाळ भुकेने आकांत करतं. मग सेवोफ्लुरेन, आणि माकडहाडाजवळून बधिर करणारं इंजेक्शन, म्हणजे वाफ कमी पुरते. कुठलाही मार्ग घेतला तरी ते बाळ त्या रात्री घरी जात नाही, मॉनिटरवर राहतं.

याच हर्नियाच्या बाळांनी काकाच्या प्रश्नाला उत्तर मिळवून दिलं आहे.

१९९९ साली आणि मग २००३ साली उंदरांच्या पिल्लांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. सात दिवसांच्या पिल्लांना मिडॅझोलम, नायट्रस ऑक्साइड आणि आयसोफ्लुरेन सहा तास दिल्यावर मेंदूतल्या पेशी मोठ्या प्रमाणात मेल्या, आणि मोठेपणी ती शिकण्यात मागे पडली. आमच्या क्षेत्रात खळबळ उडाली. सेवोफ्लुरेन, प्रोपोफॉल, केटॅमिन, जवळजवळ प्रत्येक झोपवणाऱ्या औषधावर हा आरोप आला. केटॅमिन तर १९७०पासून जगभरच्या छोट्या दवाखान्यांचा आधार. यंत्र नको, रक्तदाब टिकून राहतो. तेही सुटलं नाही. १४ डिसेंबर २०१६ रोजी अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने इशारा दिला: तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून जास्त किंवा पुन्हा पुन्हा अशी भूल दिल्यास मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. काका वाचतो ते हेच. त्यातले तीन तास आणि पुन्हा पुन्हा हे शब्द मात्र तो गाळतो.

पिल्लांचे सहा तास म्हणजे माणसाच्या बाळाचे किती, यावर वाद चालतील. म्हणून माणसांवरच चाचणी झाली. 'गॅस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चाचणीत सात देशांतल्या २८ रुग्णालयांतली ७२२ बाळं होती. सगळ्यांना हर्निया. चिठ्ठी टाकून निम्म्यांना जागेपणी सुई, निम्म्यांना सेवोफ्लुरेनची भूल, सरासरी तासाभराची. दोन वर्षांनी पाहिलं, पाच वर्षांनी पुन्हा बुद्ध्यंक मोजला. २०१९ साली निकाल आला: दोन्ही गट ९९च्या आसपास, फरक दशांशातला. तासाभराच्या एका भुलेने बुद्धीला धक्का लागत नाही, हे मी आज पालकांना मान वर करून सांगते. ती बहुतेक मुलं मुलगे होती, आणि लांबच्या शस्त्रक्रियांचं उत्तर या चाचणीत नाही, हेही सांगते. अशा लांबणाऱ्या शस्त्रक्रियांसाठी सेवोफ्लुरेन कमी करून डेक्समेडेटोमिडीन आणि रेमिफेंटॅनिल यांची जोड देण्याकडे आता संशोधकांचं लक्ष आहे; ही दोन्ही औषधं त्या इशाऱ्याच्या यादीत नाहीत. मला त्यात रस आहे, पण नव्या औषधावर भाळायची घाई आमच्या धंद्याने पूर्वी केली आहे.

याउलट हृदयाचा दोष, अडकलेलं आतडं अशा शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या तर बाळाचं काय होतं, याला चाचणीची गरज नाही. जी थांबू शकते ती थांबवा. दुभंगलेल्या ओठासाठी दहा आठवडे, दहा पौंड वजन आणि दहा ग्रॅम हिमोग्लोबिन हा जुना ठोकताळा अजूनही बरा आहे.

आता आपल्या तालुक्याविषयी. सुरुवात मात्र युरोपापासून करते. युरोपातल्या ३३ देशांत सुमारे ३१ हजार मुलांच्या भुलांची नोंद झाली. २०१७ साली ती प्रसिद्ध झाली. पाच टक्क्यांहून थोड्या जास्त वेळा काहीतरी गंभीर घडलं होतं, मुख्यतः श्वास आणि रक्ताभिसरणाचं. वय जितकं लहान तितका धोका जास्त. आणि भूल देणाऱ्याचा अनुभव जितका मोठा तितका कमी. म्हणून "कुठलं औषध?" याआधी दुसरं विचारा. एवढ्या लहान बाळांना तुम्ही नेहमी भूल देता का? बाळाच्या मापाची नळी, मास्क, मॉनिटर इथे आहे का? ऑपरेशननंतर रात्री त्याच्याजवळ कोण असेल? अशा प्रश्नाने जो डॉक्टर चिडेल त्याच्याकडे बाळ ठेवू नका. उत्तर "नाही, पुण्याला न्या" असं आलं तर त्या डॉक्टरचे आभार माना; असं सांगायला त्याला पैसे मिळत नाहीत.

आणि आम्ही विचारू तेव्हा नीट सांगा. बाळ किती दिवसांचं जन्मलं. सर्दी आहे का. "थोडीशीच आहे" हेही सांगा, कारण सर्दीतला श्वासमार्ग भलता चिडका असतो. घराण्यात कुणाला ऑपरेशननंतर कितीतरी तास श्वासाच्या यंत्रावर ठेवावं लागलं होतं का. हे शेवटचं फार महत्त्वाचं. सक्सामेथोनियम नावाचं झटपट स्नायू ढिलं करणारं औषध शरीरातल्या एका एन्झाइमने विरतं, आणि काही घराण्यांत ते एन्झाइम जन्मतःच नसतं. दक्षिण भारतातल्या वैश्य समाजात हा दोष इतरांच्या मानाने बराच जास्त आढळतो, असं संशोधन आहे. आपल्याकडे नांदेड-लातूरच्या बाजूला या समाजाची वस्ती आहे. आत्याच्या ऑपरेशनची एक जुनी हकीकत माझ्या औषधांच्या ट्रेमधून एक सिरिंज बाहेर काढू शकते. त्याच कुटुंबातला मुलगा उशिरा चालायला लागला असेल, जिन्यावर मांडीला हात देऊन चढत असेल, तर तेही सांगा. स्नायूंच्या काही आजारांत हेच औषध हृदय थांबवतं.

उपाशी ठेवण्याबद्दल. रात्री दहापासून पाण्याचा थेंबही नाही, ही जुनी शिस्त बाळांना लागू करू नका. अंगावरचं दूध भुलेच्या आधी चार तासांपर्यंत चालतं, वरचं दूध सहा तासांपर्यंत, साधं पाणी किंवा साखरपाणी दोन तासांपर्यंत, आणि काही ठिकाणी हल्ली एका तासापर्यंतही देतात. मघाच्या उलट्या होणाऱ्या बाळाला मात्र हे लागू नाही. शस्त्रक्रिया नऊला असेल तर पहाटे पावणेपाचला गजर लावून बाळाला उठवून अंगावर पाजा. घरात कुणी उपासाचं वातावरण करायला लागलं तर माझं नाव सांगा. नंबर मागे पडला तर वॉर्डातल्या सिस्टरला विचारा, पुन्हा काय आणि केव्हा पाजायचं ते.

प्रश्न असतील तर विचारावेत. संयोजकांनी मला नऊपर्यंतचा वेळ दिला आहे, आणि शेवटची एसटी साडेनऊची आहे असं कळतं.